93 टक्के होकार आणि न झालेला पूल

लंडनमध्ये थेम्स नदी एक मोठं वळण घेते, आणि त्या वळणाच्या पोटात रॉदरहाइथ ही वस्ती आहे. तिच्या तीन बाजूंना पाणी आहे. समोरच्या काठावर कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे आहेत. तिथे रोज लाखाच्या घरात माणसं कामाला येतात. मध्ये पाणी साधारण पाव किलोमीटरचं. रात्री समोरच्या खिडक्यांमधले दिवे एकेक करून मोजता येतात, पण सायकल घेऊन तिथे पोचायचं तर काही किलोमीटरचा वळसा पडतो.

या पाण्यावर फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी पूल बांधायचा, अशी योजना होती. नोव्हेंबर 2017 ते जानेवारी 2018 या दोन महिन्यांत ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या शहराच्या वाहतूक प्राधिकरणाने त्यावर लोकांचं मत मागवलं. सहा हजारांहून जास्त उत्तरं आली आणि त्यांतल्या 93 टक्के लोकांनी अशी सोय हवी असं सांगितलं. सार्वजनिक कामाला इतका एकमुखी पाठिंबा क्वचितच मिळतो. जून 2019 मध्ये ही योजना बाजूला ठेवली गेली.

या प्रकरणाने मला बरेच दिवस छळलं आहे. लोकांना विचारलं नाही म्हणून योजना फसली, अशी उदाहरणं पावलोपावली सापडतात. इथे विचारलं गेलं होतं, पुरेसा वेळ देऊन, पर्याय समोर ठेवून विचारलं गेलं होतं, आणि लोक भरभरून बोललेही होते. तरी त्या बोलण्याचा पुलाला उपयोग झाला नाही. माझ्या मते लोकांचं उत्तर बरोबर होतं. ज्या अडचणींवर पुलाचं मरण-जगणं ठरणार होतं, त्या मात्र प्रश्नासोबत लोकांच्या हातात पोचल्या नाहीत. पूल हवा का, हे विचारलं गेलं. तो किती उंच, त्याचा उतार कुणाच्या दारात, तो दिवसातून किती वेळा उघडायचा आणि त्या सगळ्याची किंमत काय, हे नंतर ठरायचं होतं.

आधीच्या वाटा

टॉवर ब्रिज 1894 चा. त्याच्या पूर्वेला गेलं की पुढचा पूल थेट डार्टफर्डला, शहराच्या वेशीबाहेर, आणि तो मोटारींचा. या एवढ्या लांब पट्ट्यात नदीखालून जाणारे बोगदे आहेत, बोटी आहेत, रेल्वे आहे, हवेतून जाणारा पाळणाही आहे. चालत किंवा सायकलवर उघड्या हवेत पार जाता येईल असं काही नाही.

रॉदरहाइथच्या रहिवाशाला जवळचा मार्ग म्हणजे 1908 चा रॉदरहाइथ बोगदा. तो घोडागाड्यांच्या काळात बांधला. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. कायद्याने त्यातून चालायला परवानगी आहे, पण दोन्ही बाजूंना अरुंद फरसबंदी, शेजारून जाणाऱ्या मोटारी आणि बाहेर जायला वाट न मिळालेला धूर, यामुळे तिथे पायी जाणारं माणूस विरळाच. थोडं पूर्वेला ग्रिनिचचा पादचारी बोगदा आहे, 1902 चा. तो खरोखर माणसांसाठी बांधलेला आहे. गोल जिन्याच्या शंभराच्या आसपास पायऱ्या उतरून खाली गेलं की पांढऱ्या चकचकीत फरशांची एक लांब नळी समोर येते. उत्तरेच्या टोकाजवळ ती नळी एकदम अरुंद होते, कारण दुसऱ्या महायुद्धात तिथे बॉम्ब पडला आणि दुरुस्ती करताना आतून लोखंडी अस्तर लावावं लागलं. सायकल चालवायला मनाई आहे, हातात धरून न्यायची. लिफ्ट बंद असली की तीच सायकल खांद्यावर घेऊन जिना चढायचा.

राहिली भुयारी रेल्वेची जुबिली लाइन. कॅनडा वॉटर ते कॅनरी व्हार्फ एकच स्टेशन. पण सकाळच्या वेळी डबे खच्चून भरलेले असतात आणि घडी न होणारी सायकल तिथे नेता येत नाही. बोट आहे, नेल्सन डॉकच्या धक्क्यावरून सुटते, तिला भाडं पडतं.

या ठिकाणाला पायी नदी ओलांडण्याचा मोठा इतिहास आहे, आणि तो या प्रकरणात फार बोलका आहे. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने 1825 मध्ये रॉदरहाइथहून वॅपिंगपर्यंत नदीखाली बोगदा खणायला घेतला. जहाजं चालणाऱ्या नदीखालचा तो जगातला पहिला बोगदा. पाणी आत घुसलं, माणसं दगावली, काम काही वर्षं बंद राहिलं, आणि 1843 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. पहिल्या दिवशी पन्नास हजार लोक एकेक पेनी देऊन चालून आले. पण बोगदा बांधला होता घोडागाड्यांसाठी. गाड्या आत उतरवायला दोन्ही टोकांना मोठे गोल उतार लागणार होते, आणि तोपर्यंत पैसे संपले होते. उतार कधीच झाले नाहीत. मालवाहतुकीचा मार्ग म्हणून कल्पिलेली वाट जिन्याने उतरून पाहायची गंमत होऊन बसली. पुढे 1860 च्या दशकात रेल्वेने तो घेतला आणि आजही त्यातून गाड्या धावतात.

नदीच्या मधलं काम पुरं झालं, टोकं राहिली. ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीची असली तरी पुढचं वाचताना मनात ठेवावी.

विचारण्याची पद्धत

पुलाची मागणी वरून आलेली नव्हती, हे आधी सांगायला हवं. चालणं आणि सायकल यांसाठी काम करणारी ‘सस्ट्रान्स’ ही संस्था या जागेचा कित्येक वर्षं पाठपुरावा करत होती. ‘रीफॉर्म’ हे वास्तुरचनाकार आणि ‘इलियट वुड’ हे अभियंते यांनी दोन पात्यांनी उघडणाऱ्या पुलाची कल्पनाचित्रं लोकांसमोर आणली होती. 2016 मध्ये सादिक खान महापौर झाले आणि त्यांनी पूर्व लंडनच्या नदीपार मार्गांच्या योजनेत या पुलाला जागा दिली.

वेळही नाजूक होती. त्याच थेम्सवर, शहराच्या मध्यावर, झाडं लावलेला एक ‘गार्डन ब्रिज’ बांधायची योजना ऑगस्ट 2017 मध्ये कोसळली होती. त्या पुलाची वीटही रचली गेली नाही, तरी जनतेचे 4 कोटी 30 लाख पौंड त्यात गेले. त्यावर सायकल चालवता येणार नव्हती, रात्री तो बंद ठेवायचा होता, आणि निविदा प्रक्रियेवर तेव्हाच्या खासदार मार्गारेट हॉज यांनी महापौरांसाठी केलेल्या चौकशीत कडक ताशेरे होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी दुसऱ्या पुलासाठी लोकांसमोर जायचं म्हणजे जपून पावलं टाकणं आलं, आणि ती टाकली गेली. बोगदा, सुधारलेली बोटसेवा आणि पूल असे पर्याय मांडले गेले. जहाजांसाठी उघडता येणारा पूल आपल्याला का बरा वाटतो, हे प्राधिकरणाने सांगितलं. पूल कुठून कुठे न्यायचा, याच्याही वेगवेगळ्या रेषा दाखवल्या.

ब्रिटनमध्ये याला कायद्याचा आधार आहे. ब्रेंट या लंडनमधल्या पालिकेने शाळा बंद करण्याविषयी लोकांना विचारलं, आणि ते विचारणं नीट झालं नाही म्हणून गनिंग नावाचं एक प्रकरण 1985 मध्ये न्यायालयात गेलं. तिथे स्टीफन सेडली या वकिलांनी मांडलेल्या चार कसोट्या पुढे पायंडा ठरल्या. प्रस्ताव अजून कच्चा असतानाच विचारावं. विचार करून उत्तर देता येईल इतकी कारणं आणि माहिती द्यावी. पुरेसा वेळ द्यावा. आणि आलेल्या उत्तरांचा निर्णयाआधी मनापासून विचार करावा. 2014 मध्ये हॅरिंगे पालिकेच्या करसवलतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कसोट्या उचलून धरल्या आणि सांगितलं, की प्रसंगी मागे टाकलेले पर्याय कोणते आणि ते का टाकले हेही लोकांना कळलं पाहिजे.

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात हरकती व सूचना मागवल्याची बारीक अक्षरांतली नोटीस वाचत मोठा झालेला माणूस या चार ओळींकडे हेव्याने बघेल. मीही बघतो. आणि कागदावर पाहिलं तर रॉदरहाइथच्या पुलाने या कसोट्या बऱ्याच अंशी पाळल्या. मुदत दोन महिन्यांची होती, भले मध्ये नाताळ आला असेल. पर्याय होते. प्रस्ताव खरोखरच कच्चा होता.

अडचण त्या कच्चेपणातच लपलेली होती. कच्च्यात विचारलं की लोकांसमोर एक चित्र असतं: निळं पाणी, पांढरा पूल, सायकलवर एक मूल. त्या चित्राला कोण नाही म्हणेल? पक्क्यात विचारलं की सगळं ठरून गेलेलं असतं आणि लोकांना फक्त कठड्याचा रंग निवडायचा उरतो. पहिल्यात होकार खरा असतो पण पोकळ, दुसऱ्यात विचारणंच पोकळ. कायदा पहिल्याच्या बाजूने उभा राहतो आणि ते योग्यच आहे. पण कच्च्या प्रस्तावालाही काही पक्क्या गोष्टी बांधलेल्या असतात, आणि त्या कुठल्याही आराखड्याच्या आधीपासून माहीत असतात. इथे त्या तीन होत्या: नदी, जहाजं आणि उतार.

उंचीचं गणित

हा भाग थोडा सावकाश वाचावा लागेल, कारण सगळं प्रकरण यात आहे.

लंडनजवळ थेम्स भरतीची नदी आहे. मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सात मीटरच्या आसपास वरखाली होते. पुलाची उंची भरतीच्या पाण्यापासून मोजायची. त्यात ही जागा टॉवर ब्रिजच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे. म्हणजे टॉवर ब्रिज ओलांडणारं प्रत्येक उंच जहाज आधी इथून जाणार, शिवाय तिथपर्यंत न जाता अलीकडेच थांबणारी जहाजंही. टॉवर ब्रिज वर्षाला साधारण 800 वेळा उघडतो. जहाजाने 24 तास आधी कळवलं की पूल उघडावाच लागतो, पाण्यावरच्या वाहतुकीचा हक्क रस्त्याच्या आधी. 1997 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांचा ताफा याच नियमामुळे पुलाच्या दोन बाजूंना तुटून उभा राहिला होता.

आता पूल खाली ठेवला तर चढ कमी पडेल, पण मध्यम उंचीच्या बोटींसाठीही तो पुन्हा पुन्हा उघडावा लागेल. सकाळी साडेआठला कामावर निघालेली बाई सायकल धरून दांडीपाशी उभी राहील. पूल वर नेला तर उघडण्याची वेळ कमी येईल, पण चढ वाढेल.

चढ वाढेल म्हणजे किती? चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, पाठीमागे मूल बसवलेल्या सायकलवाल्याला, सामानाची तीनचाकी ओढणाऱ्याला दम न लागता चढता यावं, म्हणून उतार साधारण 1 ला 20 ठेवतात. एक मीटर चढायला 20 मीटर लांबी. समजा पुलाचा पाटा काठापेक्षा 12 मीटर उंच आहे. मग एका टोकाचा उतार 240 मीटर, मध्ये टेकायला सपाट टप्पे धरले तर त्याहून जास्त, आणि तेवढाच दुसऱ्या टोकालाही. जहाजवाल्यांनी म्हटलं, अजून तीन मीटर द्या, तर प्रत्येक टोकाला आणखी 60 मीटर. नदीच रुंदीला पाव किलोमीटर असताना दोन्ही काठांवरचा उतार मिळून तिच्या दुप्पट होतो.

हा उतार हवेत राहत नाही. रॉदरहाइथच्या काठाला घरं आहेत, जुन्या गोद्यांच्या जागी झालेल्या इमारती आहेत, आणि ड्युरँड्स व्हार्फसारख्या छोट्या बागा आहेत. उतार सरळ नेला तर तो वस्तीत खोल शिरतो. गोल वळवला तर बागेत एक प्रचंड स्प्रिंग उभी राहते. कुणाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरासमोरून दिवसभर सायकली जातात. लिफ्ट लावली तर जागा वाचते, पण लिफ्टचं काय होतं ते ग्रिनिचच्या बोगद्यातल्या पायऱ्या चढणाऱ्याला विचारावं.

पुलाच्या प्रकारातही हाच हिशेब येतो. पाती दोन बाजूंना उचलणाऱ्या पुलात जहाजाच्या डोक्यावर आकाश मोकळं राहतं, मात्र पाती लांब आणि जड होतात. मधला पाटा आडवाच वर उचलायचा, असा प्रकार प्राधिकरणाने पुढे निवडला. यात पाटा जहाजाच्या डोलकाठीच्याही वर जायला हवा, म्हणून दोन्ही बाजूंना तितके उंच मनोरे लागतात. चालणाऱ्या माणसाच्या पायाखालची वाट चार-दोन मीटरची, आणि तिच्यासाठी नदीत उभी करायची यंत्रं जहाजाच्या मापाची. सायकलच्या पुलाला खर्च किती तो येणार, असा सर्वसाधारण समज इथे पार चुकतो.

यातली कुठली गोष्ट तज्ज्ञांच्या गुपितात मोडते? एकही नाही. 1 ला 20 हे दहावीच्या मुलाला कळतं. भरतीचं कोष्टक छापून मिळतं. जहाजांचा हक्क शतकाहून जुना आहे. पहिल्या दिवशी, एकही चित्र काढण्याआधी, लोकांच्या हातात एक पान देता आलं असतं: इतकी उंची, इतका उतार, इतकी बाग, इतक्या वेळा थांबणं, आणि साधारण इतके पैसे. एक ओळ बदलली की बाकीच्या चार कशा हलतात, ते त्या पानावर दिसलं असतं.

93 टक्के म्हणजे कोण

अशा मतमागणीत उत्तर देणारा माणूस स्वतःहून पुढे आलेला असतो. ज्याला पूल हवा तो अर्ज भरतो, मित्रांना पाठवतो, सायकलवाल्यांच्या गटात टाकतो. ज्याच्या खिडकीसमोर उतार येणार तोही भरतो, रागाने. मधला मोठा समाज गप्प असतो. म्हणून 93 हा आकडा वस्तीतल्या 100 माणसांपैकी 93 असा वाचता येत नाही. तो बोललेल्यांतला आहे. गरज किती तीव्र आहे, ते त्यातून नक्की कळतं. कुणी काय सोसायला तयार आहे, ते मुळीच कळत नाही.

मला इथे दोन माणसं डोळ्यांसमोर येतात. रॉदरहाइथमध्ये राहणारी आणि पहाटे पाचला समोरच्या मनोऱ्यात साफसफाईला जाणारी एक बाई, जिला बोटीचं भाडं रोज परवडत नाही. आणि नदीकाठच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे एक आजोबा, ज्यांचा दिवस समोरच्या बागेतल्या बाकावर जातो. पूल झाला तर सगळ्यांत मोठा फायदा बाईचा आणि सगळ्यांत मोठा तोटा आजोबांचा. ऑनलाइन अर्ज भरायला दोघांनाही वेळ किंवा सवय असेलच असं नाही. टक्केवारीत दोघं नसले तरी पूल या दोघांमध्येच उभा राहणार आहे. त्यांना गाठायचं तर पहाटेच्या बसथांब्यावर आणि दुपारच्या बाकाशेजारी जाऊन बसावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा सुंदर आलेख निघत नाही, आणि ते टाळण्याचा मोह प्रत्येक कार्यालयाला होतो. तिथे मिळणारं एक वाक्य अर्जांच्या गठ्ठ्याहून वजनदार असू शकतं, असं मी मानतो.

विरोध करणाऱ्यांविषयीही एक सांगायला हवं. जवळच्या रहिवाशाचा विरोध ‘स्वार्थी’ म्हणून मोडीत काढायची घाई सगळीकडे होते. पण बाग जाते, खिडकीतून कुणीही आत बघतं, रात्री बारा वाजता पुलाखाली आवाज येतात, या तक्रारी अभियंत्याला फुकटात मिळालेली माहिती असते. उताराचं वळण दहा मीटर सरकवायचं की नाही, हे लांबच्या हजार समर्थकांना माहीत नसतं. ते त्या खिडकीतल्या माणसाला माहीत असतं.

पैशांची बाजू

मतमागणी संपल्यावर अभियंत्यांचं खरं काम सुरू झालं, आणि जसजशी उंची, पाया, मनोरे, यंत्रं ठरत गेली, तसतसा आकडा चढत गेला. तो 46 कोटी 30 लाख पौंडांवर पोचला. सुरुवातीचे अंदाज याच्या निम्म्याहूनही कमी होते.

त्याच काळात प्राधिकरणाची तिजोरी सगळीकडून गळत होती. दैनंदिन खर्चासाठी सरकारकडून मिळणारं अनुदान 2018 पर्यंत थांबलं होतं. क्रॉसरेल ही अवाढव्य रेल्वे डिसेंबर 2018 मध्ये सुरू व्हायची होती, ती लांबली आणि शेवटी मे 2022 मध्ये धावली. एप्रिल 2019 मध्ये पश्चिमेकडचा जुना हॅमरस्मिथ पूल भेगा सापडल्यामुळे मोटारींना बंद करावा लागला. असलेला पूल दुरुस्त करायला पैसे नसताना नवा पूल कोण बांधणार? जूनमध्ये काम थांबलं आणि त्याऐवजी चांगल्या बोटसेवेकडे वळायचं ठरलं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग दोष पैशांचा, लोकांना विचारण्याच्या पद्धतीचा नाही. मला ते पटत नाही. पैसे कमी पडले हे खरं. पण त्या क्षणी कुणीतरी उठून म्हणायला हवं होतं, की हा पूल तीन मीटर खाली घ्या, आम्ही दिवसातून दोन वेळा जास्त थांबू. किंवा, उतार आमच्या बागेतून काढा, पण बदल्यात पलीकडची मोकळी जागा बागेला द्या. किंवा सरळ, इतका महाग असेल तर नको, बोट फुकट करा. असं म्हणायला लोकांनी आधी ते गणित हाताळलेलं असावं लागतं. 93 टक्क्यांनी एका इच्छेला होकार दिला होता. इच्छा महाग निघाली तेव्हा त्यांच्याकडे बोलायला दुसरं वाक्य नव्हतं. विरोधकांकडेही नव्हतं. वाटाघाट करायला लागणारं शहाणपण वस्तीत होतं, ते कुणी मागितलं नाही.

टोकांपासून सुरुवात

स्वित्झर्लंडमध्ये एक साधी रीत आहे. इमारतीची परवानगी मिळण्याआधी त्या जागेवर इमारतीच्या कडा आणि उंची दाखवणाऱ्या काठ्या उभ्या करतात. रस्त्याने जाणाऱ्याला कळतं, की भिंत इथे येणार, छप्पर तिथे टेकणार. नकाशा वाचता येण्याची गरजच उरत नाही. हरकत घ्यायची तर ती त्या काठ्या बघून घेता येते.

रॉदरहाइथच्या पुलासाठी मी पहिला दिवस असा घेतला असता. बागेत फक्की मारून उताराची रेघ ओढायची, 12 मीटरच्या पुलासाठी 240 मीटर. शेजारी वेगळ्या रंगात 15 मीटरच्या पुलाची, 300 मीटर. पाट्याच्या उंचीवर दोरीला बांधून एक मोठा फुगा सोडायचा. चाकाच्या खुर्चीवरच्या एका माणसाला त्या रेघेवरून जायला सांगायचं आणि घड्याळ लावायचं. रहिवाशांना त्यांच्या घरी जाऊन खिडकीतून फुगा कुठे दिसतो ते बघायला सांगायचं. पलीकडच्या काठावरही त्याच दिवशी तेच. जहाजं सांभाळणाऱ्या बंदर प्राधिकरणाचा एक माणूस तिथेच उभा हवा, कारण उंची कमी करायची की नाही याचं उत्तर त्याच्याकडे आहे, आणि ते रहिवाशांनी त्याच्याच तोंडून ऐकायला हवं.

मग अर्ज द्यायचा. त्यात ‘पूल हवा का’ हा प्रश्न शेवटचा. आधीचे प्रश्न असे: तुम्ही किती मिनिटं थांबाल? बागेचा किती तुकडा द्याल, आणि बदल्यात काय मागाल? लिफ्ट बंद असताना तुम्ही काय कराल? तुम्ही पहाटे पार जाता की संध्याकाळी? या उत्तरांवर शिक्कामोर्तब होत नसतं, पण खर्च वाढू लागला की काय सोडायचं आणि काय धरायचं, हे अभियंत्याला त्यांतून कळतं. एखादी योजना अशा दिवशी फक्कीच्या रेघेवरच मरेल, हेही मला मान्य आहे. ती दीड वर्षानंतर, लाखो पौंड कागदांवर घालवून मरण्यापेक्षा हे स्वस्त. आणि मेली तरी वस्तीला कारण कळलेलं असेल.

आता रॉदरहाइथकरांच्या वाट्याला बोट आली आहे: विजेवर चालणारी, सायकल हातात घेऊन थेट चढता येईल अशी. कल्पना चांगली आहे. बोटीला उतार लागत नाही, ती कुणाची बाग खात नाही, जहाजासाठी तिला दुभंगावं लागत नाही. पण पूल रात्रभर उघडा असतो आणि त्याला तिकीट नसतं. त्यामुळे धक्क्यावर लोकांना काही विचारायचं असेल तर पहिली बोट पहाटे किती वाजता सुटावी आणि रोज जाणाऱ्याला ती कितीत परवडेल, हे आधी विचारावं, आणि ते पहाटे पाचच्या बसथांब्यावर विचारावं.